क्रेनचं बळ तिच्या पायाखाली

डिचोलीच्या बाजारात जुनं घर पाडून इमारत उठते आहे, असं समजा. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, डोक्यावर विजेच्या तारा आणि त्या बोळात क्रेन. बघे वर बूमकडे टक लावून असतात. जाणता चालक मात्र आधी जमीन बघतो.

'25 टनांची क्रेन' हा आकडा यंत्राच्या अगदी जवळच्या, तीनेक मीटरवरच्या वजनाचा. कमरेवरची भरली कळशी हात लांब करून धरून पाहा! 20 मीटरवर तीच क्रेन जेमतेम एक-दोन टन पेलते, तेही तिच्या अंगातून बाजूला निघून जमिनीवर टेकणारे चारही पाय, म्हणजे जॅक, पूर्ण बाहेर काढले तर. बोळात एका बाजूचे जॅक अर्धेच उघडतात. अर्ध्या जॅकवर किती अंतरावर किती वजन उचलता येतं हे सांगणारा वेगळा तक्ता (लोड चार्ट) नसेल, तर त्या बाजूला उचलायचंच नाही.

आणि जॅक टेकतो कशावर? आपल्याकडे वर जांभ्याचा टणक थर आणि खाली मऊ चिकणमाती, असं अनेक ठिकाणी असतं. पेडण्याच्या रेल्वे बोगद्याने कोकण रेल्वेच्या अभियंत्यांना मऊ मातीपायी वर्षानुवर्षं झुंजवलं. ऑगस्ट 2020च्या पावसात त्याच्या भिंतीचा भाग ढासळला आणि गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. अशा मातीवर एका जॅकचे 15 टन 40 सेंटिमीटरच्या चौकोनी थाळीतून उतरले, तर दाब होतो चौरस मीटरला 90 टनांहून जास्त. थाळीखाली मीटरभर लांब-रुंद, न वाकणारा जाड ठोकळा सरकवा, तोच दाब 15 टनांवर येतो. वजन तेच, यंत्र तेच. मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

वजन टांगायच्या पट्ट्यांचं, म्हणजे स्लिंगचंही तसंच. एक टनाचा नग दोन पट्ट्यांना टांगला, तर प्रत्येकीवर अर्धा टन येईल असं वाटतं. पट्ट्या उभ्या असतील तर येतोही. पण त्या पसरून आडव्याशी 30 अंशांचा कोन झाला, की प्रत्येकीवर पुरा एक टन! बोळात उंची कमी पडली की पट्ट्या आखूड घेण्याचा मोह होतो, तो इथे नडतो.

तुमच्या दारात क्रेन येणार असेल, तर चालकाला आधी सांगा: बुजवलेली विहीर कुठे आहे, सेप्टिक टाकी कुठे आहे, अंगणातला भराव कधीचा आहे. हे त्याला वरून दिसत नाही. घरच्यांनाच ठाऊक असतं.