धोबीतलावचा कयानी

वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावी ज्याने लहानपणापासून लाकडी बाकड्यावर टेकून, आणि बहुधा उभ्यानेच, चहा घेतला, त्याला चहा पिण्याच्या जागेस स्वतःचे असे काही रूप असते हे कोणी सांगितले तर ती थट्टाच वाटावी. आमच्याकडे चहा हा गाडी लागेपर्यंतचा अवकाश भरून काढण्याचा उपाय; बसणे त्यात गौण. म्हणूनच अकोल्याहून रात्रीच्या गाडीने बोरीबंदरास उतरून, महापालिका मार्गाने पायी चालत, मेट्रो चित्रगृहासमोर जेर महालातल्या 'कयानी आणि कंपनी' या इराणी हॉटेलाच्या दारात मी उभा राहिलो, तेव्हा चपला बाहेर काढाव्यात की काय, असा क्षणभर संभ्रम पडला.

चहाघरांच्या रचनेचा विषय निघाला की जाणकार मंडळी ग्लासगोचा दाखला देतात. तेथे १९०३ साली कॅथरीन क्रॅन्स्टन या उद्योगी बाईंनी चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या वास्तुशिल्पीकडून 'विलो' नावाचे चहाघर सजवून घेतले, आणि त्या गृहस्थाने इमारतीच्या दर्शनी भागापासून उंच पाठीच्या खुर्च्यांपर्यंत आणि त्यांपासून काट्याचमच्यांपर्यंत सारे एका हाताने रेखले. त्यानंतर एकाच वर्षाने, १९०४ साली, कयानी सुरू झाले. त्याला मॅकिंटॉश लाभला नाही. पण गरज नावाचा जो कारागीर लाभला, तो कमी प्रतीचा होता असे म्हणण्यास मी तयार नाही.

यझ्द आणि केरमान या इराणी मुलुखांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढेही जी झरतुष्ट्री कुटुंबे मुंबईस आली, त्यांच्याजवळ भांडवल थोडे आणि कष्टाची तयारी अमाप होती. नाक्यावरची जागा हिंदू व्यापाऱ्यांना अशुभ वाटे, म्हणून ती इराण्यांच्या वाट्यास आली, असे सांगतात. कारण काहीही असो, दोन रस्त्यांची गिऱ्हाइके आणि दोन बाजूंचा उजेड ही त्या अशुभाची प्राप्ती होती. भिंतीवरच्या आरशांनी लहान खोली मोठी भासे आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या मालकास साऱ्या टेबलांचा बंदोबस्त राखता येई. संगमरवरी फळी पुसण्यास सोपी, म्हणून टेबलावर संगमरवर. शोभा आणि हिशेब यांची अशी सोयरीक मला राजवाड्यांतही आढळलेली नाही.

कयानीत मात्र टेबलांवर तांबड्या चौकड्यांचे कापड आहे. मला ते थोडे भडक वाटते, पण त्यावाचून ही जागा ओळखूही येणार नाही. बरण्यांतून बिस्किटे, खारी, मावा केक मांडलेले. वर लाकडी पोटमाळा. आणि त्या काळ्याशार, गोल बैठकीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. या जातीच्या खुर्चीचा मूळ पुरुष मिखाएल थोनेत. बीच लाकूड वाफेवर नरम करून साच्यात वाकवण्याची हिकमत त्याने साधली, आणि १८५९ साली चौदा क्रमांकाची जी खुर्ची त्याच्या कारखान्यातून बाहेर पडली, तिचे लाकडी भाग अवघे सहा, स्क्रू दहा आणि नट दोन. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. जहाजाच्या भाड्याचा विचार करून घडलेली ही वस्तू साता समुद्रांपलीकडे पोचली यात नवल नाही.

पण मला त्या खुर्चीहून तिच्यावर बसणाऱ्यांचे अधिक वाटते. ज्या काळी रेल्वेच्या फलाटावर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी निरनिराळ्या हातांनी वाटले जात होते, त्या काळी येथे गिरणीतला कामगार, वकिलाचा कारकून आणि महाविद्यालयातला उनाड एकाच टेबलाशी बसू लागले. मालकाच्या मनात समाजसुधारणा असेलच असे नाही. रिकामी खुर्ची त्याला परवडत नव्हती. शिस्तीच्या बाबतीत मात्र इराणी मोठा करडा. समोरच्या बास्तानीच्या हॉटेलातल्या सूचनाफलकावरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताच रचली. फलकावरील हुकूमनाम्यास काव्याची योग्यता मिळाल्याचा दुसरा दाखला मला ठाऊक नाही. ते बास्तानी आता बंद झाले आहे.

माझ्यासमोर एक अनोळखी वृद्ध वृत्तपत्र वाचत बसले होते. त्यांनी मान न उचलता साखरेचे भांडे माझ्याकडे सरकवले. ब्रुन पावाचे कडक कवच चहात बुडवताच मऊ होते आणि लोण्याचे बारीक तवंग पेल्यावर तरंगू लागतात. हे दृश्य सभ्य नाही, पण तेथे ते सर्वमान्य आहे.

निघण्यापूर्वी मी हळूच वाकून खुर्चीखाली डोकावलो. तोच वेटर आला. "काय पडलं काय, साहेब?"

स्क्रू मोजत होतो, हे सांगण्याचे धैर्य झाले नाही. आणखी एक चहा मागवला.