पंखांच्या शिरा, भाषेचे थर आणि वर्गीकरणाचा प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यातील कापसाच्या शेतांत क्रायसोपा हा मित्रकीटक म्हणून परिचित आहे. त्याची अळी मावा व तुडतुडे खाते. त्याच्या पारदर्शक पंखांवर शिरांचे जे नाजूक जाळे दिसते, त्यावरूनच त्याच्या गणास न्यूरोप्टेरा, म्हणजे शिरायुक्त पंखांचे कीटक, हे नाव मिळाले. या गणातील अनेक कुले आज नामशेष झाली आहेत. शरीर कुजून जाते, पंख मात्र गाळाच्या खडकात ठसा सोडतो. यामुळे पुष्कळदा एखादा सुटा पंख एवढाच पुरावा अभ्यासकाच्या हाती येतो. इतक्या अल्प अवशेषावरून नाते कसे ठरवावयाचे, हा प्रश्न कीटकशास्त्रापुरता मर्यादित नाही. याच जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात बोलल्या जाणाऱ्या निहाली भाषेच्या अभ्यासकासही तो सोडवावा लागतो.

लिनिअसने १७५८ मध्ये हा गण कल्पिला तेव्हा त्यात चतुरासारखे कीटकही घातले होते, कारण त्यांच्या पंखांवरही जाळे असते. पुढे ते वेगळे काढावे लागले. जाळे असणे हा नात्याचा पुरावा नव्हे. जाळ्याची रचना हा पुरावा होय. त्या रचनेचा विचार करण्यासाठी कॉमस्टॉक व नीडहॅम यांनी १८९८–९९ मध्ये सर्व कीटकांच्या मुख्य शिरांना समान नावे दिली. कोणती शीर कोणत्या शिरेशी तुल्य आहे हे प्रथम ठरविल्यावाचून तुलना निरर्थक ठरते.

असे असूनही एकच लक्षण निर्णायक मानता येत नाही. उपकोस्टा व रेडियस या शिरा क्रायसोपाच्या पंखात टोकापर्यंत वेगळ्या राहतात. वाळूत खड्डा करून मुंग्या पकडणाऱ्या अळीच्या प्रौढ रूपात त्या टोकाजवळ जुळतात. परंतु असे जुळणे ऑस्मिलिडी या वेगळ्या कुलातही आढळते. कॅलिग्रॅमॅटिडी हे लुप्त कुल याहून बोधप्रद आहे. जर्मनीतील सोलनहोफेनच्या चुनखडकातील त्याच्या एका जातीचे वर्णन वाल्टर यांनी १९०४ मध्ये केले. रुंद पंख, त्यांवरील डोळ्यांसारखे ठिपके आणि लांब सोंड यांमुळे हे कीटक फुलपाखरांसारखे भासतात. शिराविन्यास मात्र त्यांना निःसंशय न्यूरोप्टेरात बसवितो. साम्य आहे, पण ते वंशपरंपरेने आलेले नाही.

निहालीच्या बाबतीत अशाच साम्यांनी अभ्यासकांना चकविले आहे. भारतीय भाषासर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात स्टेन कोनो यांनी तिचे मूळ कोरकूप्रमाणे मुंडा असावे, असे मानले. तिच्यात कोरकू शब्द विपुल आहेत, हे खरेच. परंतु दोन ते चार या संख्यांची नावे द्राविडी वळणाची आहेत, पाचापासून पुढची आर्यभाषांतून आलेली, आणि एकासाठी असलेला ‘बिडुम’ हा शब्द कोणत्याच शेजारभाषेशी जुळत नाही. कायपर यांनी १९६२ मध्ये हे थर वेगळे केले, तेव्हा सुमारे चतुर्थांश शब्दसंग्रह अस्पष्टीकृत राहिला. निहाली आज सामान्यतः एकाकी भाषा गणली जाते, ती या शेष थराच्या आधारावर.

येथे तुलनेची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. कीटक शेजाऱ्याकडून शीर उसनी घेत नाही. भाषा शब्द घेते, संख्यावाचकेही घेते. म्हणून भाषेच्या वर्गीकरणात उसने द्रव्य बाजूस सारणे ही पहिली पायरी ठरते. त्यानंतर उरलेल्या द्रव्याचे नाते सापडत नसेल, तर ‘स्थान अनिश्चित’ असे नोंदविणे हाही शास्त्रीय निर्णयच होय. जीवाश्मांच्या याद्यांत अशी नोंद सर्रास आढळते.

निहाली भाषकांची संख्या सुमारे दोन ते अडीच हजार सांगितली जाते, आणि ते कोरकू, मराठी वा हिंदीही बोलतात. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने २०१४ मध्ये के. एस. नागराज यांचा निहालीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पण तेवढ्याने काम संपत नाही. पंखाचा ठसा खडक कोट्यवधी वर्षे जपून ठेवतो. न लिहिलेल्या शब्दाला असा खडक नसतो. तो बोलणारे आहेत तोवरच त्याची नोंद होऊ शकते.