वीतभर उंचीची, पण भारी चिवट!

मैत्रिणींनो, दिवाळीच्या उटण्यात आपण नागरमोथा घालतो. तो लव्हाळ्याच्या कुळातला. दिसायला या लव्हाळ्यासारखंच, पण निराळ्या कुळातलं एक गवत आहे. इंग्रजीत त्याला ‘रश’ म्हणतात. ओळखायची खूण सोपी. काडी बोटांत फिरवून पाहावी. लव्हाळ्याची काडी बहुधा तीनधारी लागते, रशची गोल.

या कुळातली ‘जंकस ट्रायग्लुमिस’ ही अगदी चिमुकली. उंची फार तर वीतभर, आणि शेंड्यावर बहुधा तीनच फुलं. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली तिची नोंद केली. स्कॉटलंडचे डोंगर, आल्प्स, आपला हिमालय, अशा थंड मुलखांत ती आढळते.

तिची जागाही पाहण्यासारखी. झऱ्याचं पाणी खडीवरून सतत झिरपत असतं, तिथं ही उगवते. माती नावाला, कस बेताचाच. त्यामुळे उंच गवत तिथं माजत नाही आणि हिला भरपूर ऊन मिळतं. म्हणजे गरिबीच हिच्या पथ्यावर पडते म्हणा ना! शिवाय ओल्या जमिनीत मुळं गुदमरू नयेत म्हणून तिच्या पानांत पोकळ नळ्या असतात. त्यांतून हवा खाली पोचते.

इंग्लंडच्या उत्तरेला टीस नदीच्या वरच्या खोऱ्यात, हिमयुग सरल्यावरही अशा जागा हजारो वर्षं टिकल्या. तिथंच काऊ ग्रीन धरण बांधायचं ठरलं. नदीकाठच्या कारखान्यांना पाणी हवं होतं आणि त्यावर माणसांची रोजीरोटी होती, हेही खरंच. वनस्पतीशास्त्रज्ञांनी कसून विरोध केला. तरी १९६७ साली पार्लमेंटने मंजुरी दिली आणि १९७१ पर्यंत धरण उभं राहिलं. दुर्मिळ वनस्पतींच्या काही जागा त्यात बुडाल्या. उरलेला बराच भाग आज राखीव आहे.

पाण्यावाचून जिचं चालत नाही, तिच्या जागेवर पाण्यानंच घाला घालावा! तिला हवं असतं ते झुळझुळ वाहणारं, पातळसं पाणी. धरणाचं खोल पाणी तिच्या काय कामाचं?

तेव्हा हिमालयाच्या सहलीला गेलात, तर झऱ्याकाठच्या ओल्या जागी सतरंजी पसरू नका, मुलांनाही तिथं नाचू देऊ नका. कोरड्या दगडावर बसून डबा खा आणि जाताना त्या तीन फुलांना एकदा वाकून जरूर बघा.