फर्दीत न सापडणारा पक्ष : 1957 ची मुंबई विधानसभा आणि जिल्ह्यांचा कौल

निवडणूक आयोगाने 1957 च्या मुंबई विधानसभेच्या निकालाची जी पक्षवार फर्द सिद्ध केली, ती वरवर पाहणाऱ्यास त्या वर्षी महाराष्ट्रात काही विशेष घडले होते असा संशयही येणार नाही. एकंदर 396 जागांपैकी काँग्रेस 234, प्रजासमाजवादी 36, शेतकरी कामगार पक्ष 31, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन 13, कम्युनिस्ट 13, जनसंघ 4, हिंदुमहासभा 1 आणि अपक्ष 64, असा तो सरळ हिशेब आहे. सत्तारूढ पक्षाला स्पष्ट बहुमत आणि विरोधकांची पाच-सहा तुकड्यांत झालेली वाटणी हे चित्र त्या काळी हिंदुस्थानच्या बहुतेक राज्यांत दिसत होते. ज्या संस्थेने या निवडणुकीत काँग्रेसच्या मातब्बर पुढाऱ्यांची झोप उडविली, जिच्या सभांना गावोगावचे लोक लोटले आणि जिच्यासाठी आचार्य अत्र्यांनी 1956 च्या नोव्हेंबरात ‘मराठा’ हे दैनिकच काढले, त्या संयुक्त महाराष्ट्र समितीचे नाव मात्र या फर्दीत औषधालाही नाही. समिती ही आयोगाच्या दप्तरी पक्ष नव्हती. ती आघाडी होती, आणि आघाडीला रकाना नसतो. तिला शोधावयाचे तर पक्षांची यादी मिटवून जिल्ह्यांचा नकाशा उघडावा लागतो.

त्या नकाशाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे अवश्य आहे. राज्यपुनर्रचना आयोगाने 1955 मध्ये विदर्भाचे पृथक् राज्य आणि उरलेल्या मराठी-गुजराती मुलखाचे द्वैभाषिक सुचविले. पुढे तीन राज्यांची योजना निघाली. 16 जानेवारी 1956 रोजी पंडित नेहरूंनी मुंबई शहर केंद्रशासित राहील असे घोषित केले, आणि त्यानंतरच्या गोळीबारांत मुंबईचे रस्ते रक्ताने भिजले. मुंबईसह मराठी भाषकांच्या एका राज्याच्या मागणीसाठी 6 फेब्रुवारीस पुण्यात समितीची स्थापना झाली. मुंबईच्या प्रश्नावरून चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. अखेरीस ऑगस्टमध्ये संसदेने कच्छपासून चांद्यापर्यंत पसरलेल्या विशाल द्वैभाषिकावर शिक्कामोर्तब केले, आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी, भाऊसाहेब हिरे यांना 111 विरुद्ध 333 मतांनी मागे टाकून काँग्रेस विधिमंडळ पक्षाचे नेते झालेले यशवंतराव चव्हाण या अवाढव्य राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. चारच महिन्यांनी, 1957 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, मतदार मतकेंद्रावर उभा होता.

मतकेंद्रावरची रीत आजच्या वाचकास ठाऊक नसण्याचा संभव आहे, आणि ती जाणल्याविना समितीच्या यशाचे मोल नीट कळणार नाही. तेव्हा मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे छापीत नसत आणि शिक्का मारण्याचाही प्रश्न नव्हता. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची एकेक लोखंडी पेटी मांडलेली असे, तिच्यावर त्याचे चिन्ह डकविलेले असे, आणि मतदाराने हातातला, रुपयाच्या नोटेएवढा, कागद आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाचा असे. काँग्रेसची बैलजोडी देशभर एकच होती. समितीला मात्र स्वतःची पेटीच नव्हती! एका तालुक्यात समितीचा उमेदवार म्हणजे प्रजासमाजवाद्यांची झोपडी, शेजारच्या तालुक्यात कम्युनिस्टांचे कणीस आणि विळा, पलीकडे फेडरेशनचा हत्ती, आणखी कोठे जनसंघाची पणती. विधानसभेसाठी एक चिन्ह आणि लोकसभेसाठी दुसरे, असाही प्रसंग एकाच मतदारावर येई. ज्या मुलखात अक्षरओळख असणारे थोडे, तेथे कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून ‘इथली समिती म्हणजे हा हत्ती, आणि दिल्लीची समिती म्हणजे ही झोपडी’ हे मतदाराच्या डोक्यात पक्के बसवावे, आणि मतदारानेही ऐन पडद्याआड न गोंधळता तसेच करावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

यात भर द्विसदस्य मतदारसंघांची. 396 जागा 339 मतदारसंघांत विभागल्या होत्या; म्हणजे 57 मतदारसंघ असे होते की जेथून दोघेजण निवडावयाचे, त्यांतील एक अनुसूचित जातीचा वा जमातीचा. मतदाराला दोन कागद मिळत. दोन्ही एकाच पेटीत टाकले तर एकच ग्राह्य धरला जाई. येथे फेडरेशनचे महत्त्व ध्यानी येते. डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 रोजी झालेले, त्या शोकाची धग अजून निवली नव्हती, आणि त्यांचे अनुयायी समितीत सामील होते. दोन कागदांपैकी एक आपल्या जातीच्या उमेदवारास आणि दुसरा आघाडीतील परजातीच्या उमेदवारास, असा विनिमय उभय बाजूंनी जेथे प्रामाणिकपणे झाला तेथे दोन्ही जागा समितीकडे आल्या. फेडरेशनला मिळालेल्या 13 जागांचे आणि नाशिकहून दादासाहेब गायकवाड, कोपरगावहून बा. चं. कांबळे यांच्या लोकसभेवर निवडून येण्याचे रहस्य बव्हंशी या परस्पर विश्वासात आहे. हा विश्वास पुढे टिकला नाही हे खरे. परंतु एका वसंतासाठी का होईना तो होता, आणि महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात त्याची नोंद राजकीय इतिहासाहून ठळक व्हावयास हवी असे मला वाटते.

आता जिल्ह्यांकडे वळू. ठाण्यापासून कोल्हापुरापर्यंत आणि खानदेशापासून सोलापुरापर्यंतचे जे बारा जिल्हे जुन्या मुंबई इलाख्यात होते, किंवा त्यातील संस्थाने विलीन होऊन बनले होते, तेथे काँग्रेसच्या पदरात साधारणतः चारांतील एकच जागा पडली. 1952 मध्ये याच पक्षाने तेव्हाच्या मुंबई राज्यात 315 पैकी 269 जागा जिंकल्या होत्या, हे स्मरले म्हणजे या पडझडीची खोली समजते. लोकसभेचे निकाल तर जिल्ह्याजिल्ह्याची नावेच घेऊन बोलतात: पुण्यात ना. ग. गोरे, राजापुरात नाथ पै, ठाण्यात शामराव परुळेकर, अहमदनगरात र. के. खाडिलकर, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील. विधानसभेत पुण्याहून एस. एम. जोशी आले, दादरहून अत्रे.

त्यातही दोन निकालांपाशी थोडे थांबावेसे वाटते. रत्नागिरीहून लोकसभेवर गेले ते जनसंघाचे प्रेमजीभाई आशर, आणि पूर्व खानदेशातून गेले ते नौशेर भरुचा. एकाचे नाव गुजराती, दुसऱ्याचे पारशी. समितीची चळवळ म्हणजे गुजरात्यांविरुद्ध मराठ्यांचा आकस, असा प्रचार त्या दिवसांत दिल्लीच्या आणि मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी मोठ्या हिरिरीने चालविला होता. त्या प्रचारकांपैकी कोणी रत्नागिरी आणि पूर्व खानदेशचे निकाल वाचून आपले मत बदलल्याचे ऐकिवात नाही. पश्चिम खानदेशातून जनसंघाचे उत्तमराव पाटील निवडून आले. त्या लोकसभेत जनसंघाचे अवघे चार सभासद होते आणि त्यांतील दोघे, म्हणजे निम्मे, समितीच्या बळावर महाराष्ट्रातून आलेले होते. कम्युनिस्ट आणि जनसंघ यांनी एकाच व्यासपीठावरून मते मागावी हा योग पुन्हा क्वचितच जुळला.

साताऱ्याचा निकाल याहून गुंतागुंतीचा. जिल्हा एक, स्वातंत्र्यसंग्रामातील भूमिगतांची परंपराही एक; बेचाळीसच्या रणधुमाळीत नाना पाटील आणि यशवंतराव दोघेही याच डोंगरदऱ्यांत पोलिसांना चकवीत हिंडलेले. पंधरा वर्षांनी जिल्ह्याच्या एका अंगाने नाना पाटलांस लोकसभेत धाडले, तर कऱ्हाडच्या अंगाने काँग्रेसचे दाजीसाहेब चव्हाण यांना; आणि विधानसभेला कऱ्हाडात साक्षात मुख्यमंत्री शेतकरी कामगार पक्षाच्या केशवराव पवारांपुढे दोन हजारांहूनही कमी मताधिक्याने कसेबसे तरले. मोरारजीभाई देसाई 1952 मध्ये बलसाड-चिखली मतदारसंघात अवघ्या 19 मतांनी पडले होते, आणि तरीही पक्षाने त्यांनाच मुख्यमंत्री केले. कऱ्हाडचे पारडे तसेच उलटले असते तर द्वैभाषिकाचा कारभार कोणाकडे गेला असता, या तर्काला अंत नाही, आणि तो करण्याचे कारणही नाही. एवढे मात्र निश्चित, की आपल्याच मतदारसंघाची ही धडकी पाठीशी घेऊन यशवंतराव मुंबईच्या सचिवालयात परतले.

मग काँग्रेसचे बहुमत आले कोठून? याचे उत्तर मराठी माणसाला काहीसे अवघड वाटणारे आहे. ते गुजरातेतून आले हे खरेच. वेगळ्या गुजरातसाठी झगडणाऱ्या महागुजरात जनता परिषदेने झुंज दिली आणि इंदुलाल याज्ञिक अहमदाबादेतून निवडून आले, तरी गुजरात-सौराष्ट्रातील बहुसंख्य जागा काँग्रेसने राखल्या. परंतु केवळ गुजरातेच्या बळावर हे राज्य तरले, असे म्हणणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय. मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि विदर्भाचे आठ जिल्हे, हे सर्व मराठी भाषेचे जिल्हे, काँग्रेसच्या मागे उभे राहिले, आणि तेही मोठ्या बहुमताने.

याची कारणे दोन्हीकडे एक नव्हेत. मराठवाडा नुकताच हैदराबाद राज्यातून सुटून आला होता. निजामाच्या अंमलाखाली ज्यांच्या शाळा, कचेऱ्या आणि न्यायालये उर्दूत चालली, ज्यांच्या जमाबंदीच्या फर्दाही परक्या लिपीत लिहिल्या गेल्या, त्यांना पुण्या-मुंबईच्या मराठी भावंडांशी एका राज्यात येणे हीच मोठी प्राप्ती होती. त्या राज्यात गुजराती लोकही आहेत याचे वैषम्य पुणेकरास जेवढे, तेवढे नांदेडकरास वाटण्याचे कारण नव्हते. उस्मानाबादचे उद्धवराव पाटील यांच्यासारखे समितीचे लढवय्ये तेथे होते, परंतु ते अपवादच. विदर्भाची कथा निराळी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूरचे राजधानीपद गेले, आणि बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांच्यासारख्यांनी जोपासलेली पृथक् विदर्भाची भावना तेथे जिवंत होती. समितीचा ‘संयुक्त’ हा शब्दच नागपूर-अकोल्याच्या कित्येकांस खटके. संयुक्त होऊन आपण पुण्याच्या पंगतीत खालच्या पाटावर बसणार, ही त्यांची भीती. 1953 च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेली आश्वासने कागदावर होती. अशा स्थितीत द्वैभाषिक राहिले काय आणि गेले काय, ज्याच्या हाती सत्ता त्याच्या संगतीने असावे, हा व्यवहार तेथील मतदाराने पाहिला. त्यास दोष देणे सोपे, समजून घेणे कठीण.

मुंबई शहराने कौल दुभंगून दिला. गिरणगावाच्या मध्य मुंबईने कॉम्रेड डांग्यांना लोकसभेत धाडले; दक्षिणेकडून स. का. पाटील, जे मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून झटले, तेच निवडून आले. उत्तरेने कृष्ण मेनन यांची निवड केली. मात्र त्यानंतर झालेल्या महापालिकेच्या निवडणुकीत समितीने कॉर्पोरेशन काबीज केले आणि 1958 मध्ये कॉम्रेड मिरजकर महापौर झाले, तेव्हा शहराचे मन कोणीकडे झुकत आहे हे सर्वांस कळून चुकले.

येथे बेळगावचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. समितीच्या मागणीत बेळगाव, निपाणी, कारवार यांचा समावेश होता. पण 1 नोव्हेंबरपासून तो मुलूख म्हैसूर राज्यात गेलेला, म्हणून तेथील मराठी मतदाराने त्याच निवडणुकीत म्हैसूरच्या विधानसभेसाठी मत दिले. एकीकरणवादी उमेदवार तेथूनही निवडून आले, आणि बंगळूरच्या सभागृहात जाऊन बसले. मुंबईच्या फर्दीत त्यांची गणना होणे शक्यच नव्हते.

जिल्हावार निकालाचा अर्थ दिल्लीने लावावयास अडीच वर्षे घेतली. 30 नोव्हेंबर 1957 रोजी नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले, तेव्हा समितीच्या निदर्शकांनी वाटा दुतर्फा भरून टाकल्या. यशवंतरावांनी समारंभ शांततेने पार पाडला, आणि आपल्या पक्षश्रेष्ठींना साताऱ्याचा घाट डोळ्यांनी पाहू दिला. पुढे 1959 मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्षा असताना द्वैभाषिक मोडण्याची मसलत पक्की झाली. निवडणुकीने जे सरकार टिकविले, त्या सरकारचे राज्यच त्या निवडणुकीतल्या बारा जिल्ह्यांनी मोडावयास लावले, असे म्हटल्यास ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

1 मे 1960 रोजी राज्य विभागले, तेव्हा नवी निवडणूक झाली नाही. 1957 च्याच 396 सभासदांची वाटणी झाली: 132 गुजरातला, 264 महाराष्ट्राला. महाराष्ट्राची पहिली विधानसभा ही अशी द्वैभाषिकाच्या सभागृहातून कापून काढलेली होती. तिच्यात बहुमत काँग्रेसचे होते, आणि ते मराठवाडा-विदर्भाच्या जागांमुळे होते. ज्यांनी या राज्यासाठी तुरुंग भोगले ते एस. एम. जोशी, अत्रे आणि त्यांचे सहकारी आपल्या हक्काच्या राज्यात विरोधी बाकांवर बसले. मागणी पुरी झाल्यावर आघाडीचे घटक पक्ष आपापल्या चिन्हांकडे परतू लागले. 1961 मध्ये कायद्याने द्विसदस्य मतदारसंघही रद्द झाले, आणि दोन कागदांचा तो विनिमय त्यांच्यासवे संपला.

1962 मध्ये 264 पैकी 215 जागा काँग्रेसने जिंकल्या. शेतकरी कामगार पक्ष 15, प्रजासमाजवादी 9, कम्युनिस्ट 6 आणि फेडरेशनचा वारसा सांगणारा रिपब्लिकन पक्ष 3. मध्य मुंबईत डांगे पडले. पाच वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्यांनी बैलजोडीला चारांतील एकच जागा दिली, तेच जिल्हे आता यशवंतरावांच्या पाठीशी उभे राहिले, कारण नव्या राज्याचा मंगल कलश आणल्याचे श्रेय त्यांच्या पदरात पडले होते. 1957 च्या त्या लाटेवर लोकसभेत गेलेल्यांपैकी राजापूरचे नाथ पै मात्र 1962 मध्येही निवडून आले, आणि 1967 मध्येही.