वॅट किती आणि वाटा किती

बेलापूरहून पेंधरला जाणारी नवी मुंबई मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. बेलपाडा हे तिचं तिसरं स्थानक. पनवेल तालुक्यातलं हे जुनं गाव आता खारघरच्या सेक्टरांनी चहूबाजूंनी वेढलं आहे, आणि आसपासच्या कॉलेजांमुळे भाड्याच्या खोल्यांना इथे मरण नाही. एका खोलीत तिघं-चौघं, प्रत्येकाचा एक लॅपटॉप, एक फोन, कुणाचे इयरबड्स, कुणाचं घड्याळ आणि भिंतीवर कामाची सॉकेट दोन. अशा खोलीत ‘शंभर वॅटचा एक मोठा चार्जर घेऊन टाकू, सगळ्यांचं भागेल’ असा ठराव कधी ना कधी होतोच. ठराव वाईट नाही. पण खोक्यावर ठळक छापलेला १०० हा आकडा सगळ्या पोर्टांची मिळून बेरीज असते, आणि ती वाटली कशी जाते हे ठरवणारा मजकूर भिंग घेऊन वाचावा लागेल इतक्या बारीक अक्षरांत चार्जरच्या पाठीवर असतो. खरेदी त्या बारीक अक्षरांवरून करायची असते.

ती अक्षरं समजण्यासाठी चार्जर आणि लॅपटॉप यांच्यात काय घडतं ते बघू. टाइप-सीची केबल लावल्याच्या पहिल्या क्षणी वीज वाहतच नाही. केबलमधल्या ‘सीसी’ नावाच्या एका तारेवर चार्जर आधी चाचपून बघतो, की पलीकडे खरोखर कुणी आहे का. ठरावीक मूल्याचा रोध सापडला की तो ५ व्होल्ट सोडतो आणि मग त्याच तारेवरून यादी म्हणून दाखवतो: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ५ अँपिअर. उडुपी हॉटेलातला वेटर एका दमात पदार्थ सांगतो, तसंच. गिऱ्हाईक, म्हणजे लॅपटॉप, त्यातला एक पदार्थ मागतो, चार्जर ‘आणतो’ म्हणतो, आणि त्यानंतरच व्होल्टेज चढतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत उरकतं. या बोलण्याच्या नियमांना यूएसबी पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी, म्हणतात. पहिली नियमावली २०१२ची, टाइप-सी जोडणी २०१४ची.

यादीत काय असावं हे चार्जरच्या ताकदीवर अवलंबून असतं. १५ वॅटपर्यंत नुसते ५ व्होल्ट पुरतात. त्यापुढे ९ असायलाच हवेत, २७ वॅटच्या पुढे १५, आणि ४५ वॅटच्या पुढे २० व्होल्ट. म्हणजे ४५ वॅटच्या चार्जरने २० व्होल्ट दिलेच नाहीत, तरी तो नियम मोडत नाही. काही लॅपटॉप मात्र २० व्होल्टखेरीज दुसरं काही घेतच नाहीत. मग चार्जर चांगला, लॅपटॉप चांगला, केबल चांगली आणि बॅटरीचा आकडा जागच्या जागी. दुकानदार म्हणतो लॅपटॉपचा प्रॉब्लेम, सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो चार्जरचा. दोघांचंही अर्धंच खरं.

पण ही व्होल्टची चढती भाजणी हवीच कशाला? याचं उत्तर बेलपाड्याच्या शेजारून रोज धावतं. मुंबईत पहिली विजेची रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली, हार्बर मार्गाने, आणि ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे गाड्या वाढल्या, डबे वाढले, विजेची भूक वाढली. १५०० व्होल्टवर ती भागवायची तर तारेतून प्रचंड प्रवाह न्यावा लागतो, आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते: प्रवाह दुप्पट, तर नासाडी चौपट. म्हणून मुंबईच्या उपनगरी मार्गांवर टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसी आलं. पनवेलपर्यंतचा हार्बर मार्ग २०१६ मध्ये बदलला. बेलपाड्यावरून जाणारी मेट्रो तर पहिल्यापासूनच २५,००० व्होल्टवर आहे. तेवढीच शक्ती, पण प्रवाह ढोबळमानाने सतरावा हिस्सा.

चार्जरवाल्यांनी हाच रस्ता धरला. मूळ यूएसबी ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॅट देत असे. त्याच ५ व्होल्टवर २४० वॅट द्यायचे तर ४८ अँपिअर लागतील, आणि त्यासाठी घराच्या मीटरकडून येते तशी जाड तार बॅगेत घेऊन हिंडावं लागेल. पीडीने प्रवाहाला ५ अँपिअरचं कुंपण घातलं आणि व्होल्ट वाढवत नेले. २० व्होल्टवर १०० वॅट झाले. २०२१च्या सुधारणेत २८, ३६ आणि ४८ व्होल्ट आले, म्हणजे १४०, १८० आणि २४० वॅट. ॲपलने त्याच वर्षी सोळा इंची मॅकबुक प्रोबरोबर १४० वॅटचा चार्जर दिला, तो याच नव्या नियमाचा.

इथे केबलचा संबंध येतो, आणि सर्वांत जास्त फसगत इथेच होते. साध्या टाइप-सी केबलला ३ अँपिअरपर्यंतच मुभा आहे. २० व्होल्टवर त्याचे ६० वॅट होतात. ५ अँपिअर न्यायचे, तर केबलच्या टोकात एक चिमुकली चिप असावी लागते. चार्जर लॅपटॉपशी बोलण्याआधी त्या चिपला विचारतो, ‘तुला किती झेपेल?’ उत्तर आलं नाही, तर तो गुपचूप यादीतले मोठे पदार्थ गाळून टाकतो. शंभर वॅटचा चार्जर, तेवढंच मागणारा लॅपटॉप आणि मध्ये फोनच्या डब्यातून आलेली केबल, असं जमवलं की हाती ६० वॅटच लागतात. कुठे लाल दिवा नाही, कुठे तक्रार नाही. नवीन प्रमाणित केबलींवर ६० किंवा २४० वॅट असं छापलेलं असतं. २४०वाली घ्यावी. फरक थोड्या पैशांचा आहे, आणि पुढचा चार्जर कोणताही आला तरी ती चालेल.

आता वाटणी. तीन पोर्टांच्या शंभरी चार्जरची ठरावीक मांडणी साधारण अशी असते: एकच उपकरण लावलं तर त्याला पूर्ण १००. दोन लावली तर ६५ आणि ३०. तिसरं आलं की ४५, ३० आणि उरलेलं, किंवा ४५ आणि दोन छोट्या पोर्टांना मिळून पंधरा-वीस. कंपनीगणिक, अगदी मॉडेलगणिक, हे आकडे बदलतात. कोणतं पोर्ट थोरलं आणि कोणतं धाकटं हेही ठरलेलं असतं. लॅपटॉप चुकून धाकट्या पोर्टात लावला तर रात्रभर चार्जिंगला ठेवूनही सकाळी बॅटरी अर्धीच दिसू शकते. लॅपटॉपला ६५ हवेत आणि तुम्ही शेजारी दोन फोन लावणार असाल, तर ‘तिन्ही पोर्ट वापरात’ या ओळीतला पहिला आकडा ६५ आहे का, एवढंच बघायचं. तसा आकडा शंभरीत क्वचित मिळतो, सव्वाशे-दीडशेच्या पुढे सहज मिळतो.

वाटणी बदलण्याची रीतही जरा अजब आहे. दुसरा फोन लावला की अनेक चार्जर सगळ्या पोर्टांची वीज क्षणभर तोडतात आणि प्रत्येकाला नवी यादी म्हणून दाखवतात. लॅपटॉपचा पडदा किंचित मंदावतो आणि पुन्हा उजळतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने बिघडत काही नाही. पण त्याच चार्जरवर कुणी बिनबॅटरीचं काही चालवत असेल, छोटा मॉनिटर किंवा प्रोजेक्टसाठी घेतलेला रास्पबेरी पाय, तर रूममेटने फोन लावताच ते धाडकन बंद पडून पुन्हा सुरू होतं. अशा वस्तूंना वेगळा चार्जर द्यावा.

लागतात किती वॅट? कागदोपत्री बेरजेपेक्षा बरेच कमी. हलके लॅपटॉप ३० ते ६५ वॅटमध्ये सुखी असतात. लिथियम-आयन बॅटरी सुरुवातीला भरभरून घेते, पण साधारण ८० टक्क्यांच्या आसपास हात आखडायला लागते. फोन तर आपला कमाल वेग पहिल्या काही मिनिटांपुरताच दाखवतो. चारही उपकरणं एकाच वेळी रिकामी असतील तेव्हाच खरी रस्सीखेच होते. गेमिंग लॅपटॉपची गोष्ट निराळी: त्याला दोनशेच्या वर लागतात आणि ते त्याच्या स्वतःच्या जाड पिनेतूनच येतात. त्याचं टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतं का, हे आधी पाहावं. काही घेतच नाहीत. युरोपीय संघाने फोनसाठी डिसेंबर २०२४पासून आणि लॅपटॉपसाठी एप्रिल २०२६पासून टाइप-सी सक्तीचं केलं आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर चौघांच्या खोलीत दोनशे वॅटचा एकच धटिंगण आणण्यापेक्षा शंभराचे दोन बरे. एक बिघडला तरी परीक्षेच्या आदल्या रात्री दुसरा असतो, आणि सुट्टीत गावी जाताना भांडणही होत नाही.

फोनांचा एक चकवा बाकी आहे. वनप्लस, ओप्पो, रियलमी यांच्या फोनवर ८० वॅट लिहिलेलं असतं ते त्यांच्या स्वतःच्या सुपरवूक पद्धतीने, त्यांचाच चार्जर आणि त्यांचीच केबल असेल तेव्हा. पीडीच्या शंभरी चार्जरवर तोच फोन त्याच्या कितीतरी खाली येतो. फोन चार्ज होतो, फक्त जाहिरातीतल्यासारखा नाही. सॅमसंगच्या वेगवान चार्जिंगला पीडीमधलीच ‘पीपीएस’ ही सोय लागते: ठरावीक पायऱ्यांऐवजी ०.०२ व्होल्टच्या बारीक टप्प्यांनी फोन हवं तेवढंच व्होल्टेज मागत राहतो, त्यामुळे फोनच्या पोटात उष्णता कमी होते. घरात सॅमसंग असेल तर चार्जरच्या पाठीवर पीपीएस ही अक्षरं शोधावीत.

एवढी ताकद मुठीत मावते ती गॅलियम नायट्राइडमुळे. दुकानात त्याला ‘गॅन’ म्हणतात. चार्जर भिंतीतल्या २३० व्होल्ट एसीचं आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो आणि मग ते सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो. जितक्या झपाट्याने चालू-बंद, तितकी प्रत्येक फेरीत वाहून न्यायची ऊर्जा कमी, तितका ट्रान्सफॉर्मर लहान. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा करायला १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, गॅलियम नायट्राइडमध्ये सुमारे ३.४. त्यामुळे तेवढंच व्होल्टेज अडवायला त्याचा कितीतरी पातळ थर पुरतो, आणि तो स्विच कमी ऊर्जा वाया घालवून झटपट उघडतो-मिटतो. निळा एलईडीही याच पदार्थातून आला. त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तरी उष्णता काही पूर्णपणे टळत नाही. ९२ टक्के कार्यक्षमता धरली, तर बाहेर १०० वॅट देताना आत जवळपास ९ वॅट उष्णता तयार होते, तीही इवल्याशा बंद डबीत. खारघरच्या मे महिन्यात, पंखा गरम हवा ढवळत असताना, चार्जर उशीखाली किंवा गादीच्या कडेला पडला असेल तर तो स्वतःच्या बचावासाठी वॅट कमी करतो. चांगला असेल तर. स्वस्तातल्या चार्जरला हे शहाणपण असेलच असं नाही.

पावसाळ्यात आणखी एक अनुभव येतो. धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं वाटतं. दोन पिनांच्या चार्जरमध्ये विद्युत खळखळ दाबण्यासाठी भिंतीकडची बाजू आणि लॅपटॉपकडची बाजू यांच्यामध्ये एक खास कपॅसिटर असतो. त्यातून अतिसूक्ष्म प्रवाह, काही मायक्रोअँपिअर ते शे-दोनशे मायक्रोअँपिअर, झिरपत राहतो. ओल्या फरशीवर अनवाणी पाय असले की तो जाणवतो. प्रमाणित चार्जरमध्ये हा प्रवाह धोक्याच्या बराच खाली ठेवलेला असतो. तीन पिनांचा, अर्थिंग खरोखर वापरणारा चार्जर घेतला तर मुंग्या थांबतात. अट एकच: भिंतीतल्या वरच्या भोकामागे खरंच अर्थिंगची तार जोडलेली हवी. जुन्या भाड्याच्या खोल्यांत ते नुसतंच भोक असण्याची शक्यता बरीच.

सॉकेटवर भार पडेल ही भीती मात्र नको. साधं ६ अँपिअरचं सॉकेट १,३०० वॅटच्या वर झेपवतं, शंभर-दोनशे त्याच्या खिजगणतीत नाहीत. त्रास वजनाचा होतो. जड चार्जर दोन गोल पिनांवर लोंबकळला की सॉकेटच्या आतल्या पट्ट्या सैल होतात, ठिणग्या पडतात, प्लास्टिक पिवळं पडतं. त्यापेक्षा टेबलावर ठेवायचा, वायरवाला चार्जर घ्यावा.

आणि पैसे देण्याआधी पाठीवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. अशा ॲडॅप्टरना ही नोंदणी सक्तीची आहे. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की उत्पादकाचं नाव आणि वस्तूचा प्रकार दिसतो. दुकानातच टाकून बघावा. नाव भलत्याच कंपनीचं आलं, किंवा चार्जरच्या जागी दुसरीच वस्तू निघाली, तर तो डबा काउंटरवरच ठेवावा.