खेळच ओझं वाटायला लागतो तेव्हा : गेम मास्टरच्या थकव्याचं काय करायचं?

'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका 2016 मध्ये नेटफ्लिक्सवर आली. पहिल्याच भागात तळघरात टेबलाभोवती बसलेली चार पोरं दिसतात. एक जण गोष्ट सांगतोय, बाकीचे तिघं त्या गोष्टीतली पात्रं झालेत आणि पुढे काय होणार हे फासा ठरवतोय. आपल्याकडे अनेकांना 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव तिथेच पहिल्यांदा कळलं.

त्याच प्रसंगात एक गोष्ट पटकन निसटून जाते. खेळ थांबवायला सांगणाऱ्या आईकडे माईक तक्रार करतो की, याची तयारी करायला आपल्याला दोन आठवडे लागले होते.

या खेळांना टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. आता पुण्या-मुंबईत घराघरांत, कॅफेत आणि ऑनलाइनही ते खेळणारे गट आहेत. चार-पाच खेळाडू प्रत्येकी एक पात्र घेतात. एक जण गेम मास्टर होतो, म्हणजे उरलेलं सगळं जग तो चालवतो. गाव, राजा, चोर, राक्षस, पाऊस, बाजारभाव, सगळं त्याच्याकडे. एकच गोष्ट आठवड्यामागून आठवडे चालते, तिला कॅम्पेन म्हणतात. काही कॅम्पेन वर्षानुवर्षं चालतात.

आणि मग एखाद्या शनिवारी संध्याकाळी त्या गेम मास्टरच्या लक्षात येतं की, 'आज जमणार नाही' असा कुणाचा तरी मेसेज यावा, याची आपण वाट बघतोय.

1974 मधल्या दोन घटना

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्याच वर्षी हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाचा एक लेख आला आणि त्यातून 'बर्नआउट' हा शब्द मानसशास्त्रात रुजला. दोन्ही एकाच वर्षी, हा निव्वळ योगायोग. पण फ्रॉयडनबर्गरने हा थकवा कुठे पाहिला ते महत्त्वाचं आहे.

आज बर्नआउट म्हटलं की आयटी कंपनी, टार्गेट आणि रात्री अकराचे ईमेल आठवतात. फ्रॉयडनबर्गर मात्र न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्याबद्दल लिहीत होता. दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून तो संध्याकाळी तिथे काम करायचा. सोबतचे बरेच लोक स्वयंसेवक होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, मनापासून वाटलं म्हणून ते आले होते. आणि तेच एकेक करून विझत चालले होते. सगळ्यात जास्त जीव ओतणारे लोक आधी थकतात, हे त्याचं निरीक्षण.

म्हणून 'आवडीचं काम आहे, त्याचा कसला थकवा?' हा प्रश्नच उलटा आहे. नावडत्या कामात माणूस हात राखून असतो. आवडीच्या कामात तो थांबायचं कुठे ते ठरवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या यादीत बर्नआउटची तीन लक्षणं दिली आहेत : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. संघटना त्याला आजार म्हणत नाही आणि हा शब्द फक्त नोकरी-व्यवसायाच्या संदर्भात वापरावा असंही सांगते. त्यामुळे रविवारच्या खेळाचा बर्नआउट कागदोपत्री बर्नआउट ठरत नाही. पण ती तीन लक्षणं कुठल्याही दमलेल्या गेम मास्टरला वाचून दाखवा, तो तुमच्याकडे बघतच राहील.

थकवा नेमका कशाचा?

क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर या संशोधकांनी एक उपयोगी मांडणी केली. माणूस फक्त जास्त कामाने जळत नाही, असं ते म्हणतात. कामाचा भार, स्वतःच्या हातात असलेलं नियंत्रण, मोबदला, आजूबाजूची माणसं, न्याय आणि मूल्यं, या सहापैकी कुठेतरी माणूस आणि काम यांचा सांधा निखळतो.

गेम मास्टरच्या बाबतीत सगळे भाराकडेच बोट दाखवतात. नकाशे काढायचे, नियमांची जाडजूड पुस्तकं वाचायची, पात्रांचे आवाज काढायचे. मराठी टेबलावर तर इंग्रजी मजकूर बोलता बोलता मराठीत आणायचा. भार असतोच. पण माझ्या मते जास्त दुखतं ते न्यायाच्या जागी.

बघा. गेम मास्टर चार तासांच्या खेळासाठी अख्खी शनिवारची रात्र घालवतो. खेळाडू येतात तेव्हा एकाने स्वतःच्या पात्राचे नियम तिसऱ्या महिन्यातही वाचलेले नसतात, दुसरा मोबाइलवर असतो, तिसरा तासभर उशिरा येतो. तारीख ठरवायची गेम मास्टरने, आठवण करायची त्यानेच, जागा शोधायची त्यानेच, बऱ्याचदा चहा-वडापावही त्याच्याच घरचा. कुणी वाईट नसतं. फक्त हे सगळं एकाकडे आहे, हे कुणाला दिसत नसतं. लग्नघरात एकच काकू पहाटेपासून स्वयंपाकघरात असते आणि सगळे म्हणतात 'तिला आवडतं', तसंच हे.

आणि त्याला थांबताही येत नाही. खेळाडू एखादा रविवार चुकवू शकतो, गेम मास्टर आला नाही तर खेळच होत नाही. नोकरी, लग्न, बदली यांत पांगलेल्या मित्रांची आठवड्यातून एकदा होणारी भेट त्याच्या एकट्याच्या उत्साहावर उभी असते. म्हणून तो आणखी सहा महिने रेटतो. मग एक दिवस काही न बोलता ग्रुपवर उत्तर देणं बंद करतो. असे गट मोडतात तेव्हा भांडण झालेलं नसतं. कुणाला कारणही कळत नाही.

आधी एक खात्री

थकवा खेळापुरता आहे की सगळीकडे पसरलाय, हे पाहणं गरजेचं आहे. क्रिकेट बघावंसं वाटतं, मित्रांशी गप्पा माराव्याशा वाटतात, फक्त खेळाची वही उघडवत नाही, तर प्रश्न खेळाचा आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर खेळाला दोष देत बसू नका. ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

विश्रांती म्हणजे काय, ते भीमाकाठी विचारा

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. वडगाव रासाईसारख्या काठावरच्या गावांचा हा उसाचा पट्टा. इथल्या कुणालाही लागण, खोडवा आणि निडवा हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. लावलेला ऊस तुटला की त्याच बुडख्यांतून फुटतो तो खोडवा, तोही तुटल्यावर येतो तो निडवा. लागवडीचा खर्च वाचतो, पण दर फेरीला उतारा घटत जातो. मग शेतकरी बुडखे काढतो आणि बेवड करतो, म्हणजे पीक बदलतो. हरभरा घेतो, किंवा ताग-धैंचा पेरून फुलोऱ्यात आला की जमिनीत गाडतो.

ताग गाडणारा शेतकरी त्या हंगामात त्या रानातून काही विकत नाही, तरी रान मोकळंही ठेवत नाही. थकलेल्या गेम मास्टरच्या विश्रांतीत नेमकी इथे चूक होते. तो दोन रविवार सुट्टी घेतो आणि त्या सुट्टीत इतरांच्या खेळांचे व्हिडिओ बघतो, नवीन नियमपुस्तकं चाळतो, आपलं जग आणखी कसं सुधारता येईल याच्या नोंदी करतो. तिसऱ्या रविवारी तेवढाच दमलेला असतो. हा निडव्यानंतर पुन्हा खोडवाच झाला.

सबिने सोनेनटाग आणि शार्लोटे फ्रिट्झ यांनी 2007 मध्ये कामानंतर माणूस कशाने ताजातवाना होतो याचे चार घटक मांडले : कामापासून मनाने दूर जाणं, शरीर-मन सैलावणं, काहीतरी नवं जमायला लागणं, आणि आपला वेळ आपण ठरवतोय ही भावना. यातला पहिला आणि तिसरा घटक गेम मास्टरला सर्वांत जास्त लागू पडतात, असं मला वाटतं. पोहायला शिका, तबला शिका, भाकरी थापायला शिका. जिथे तुम्ही नवखे आहात आणि ज्याचा रविवारशी संबंध नाही, असं काहीही चालेल. 'यातून खेळासाठी काही सुचेल' या हिशेबाने मात्र शिकू नका.

किती दिवस? आकडा कुणी देऊ नये. पण सुट्टीला तारीख असावी, म्हणजे मित्र ताटकळत नाहीत आणि तुमच्या डोक्यावर टांगती तलवार राहत नाही. आपले तमाशाचे फड दसऱ्याच्या सुमारास उभे राहतात, गावोगावच्या यात्रा करतात आणि पावसाळ्यात बंद होतात. फड बंद आहे म्हणजे फड मोडला, असं कुणी समजत नाही. कॅम्पेनलाही असा हंगाम लावून घ्यायला काहीच हरकत नाही.

दशावतारी नटाकडे संहिता नसते

परत यायचं ठरलं की तोच डोंगर पुन्हा समोर येतो : तयारी. इथे कोकणातल्या दशावताराकडे बघावं.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात जत्रांमध्ये दशावतारी नाटक रात्रभर चालतं, पण त्याची लिहिलेली संवादसंहिता परंपरेने नसते. आख्यान ठरतं, कोण कोणती भूमिका करणार ते ठरतं, प्रसंगांचा क्रम ठरतो. संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. समोरच्याने काही अनपेक्षित टाकलं की ते उचलायचं आणि पुढे न्यायचं. लोकांना कथा माहीत असते, म्हणून वर्णनात वेळ जात नाही.

पश्चिमेतले खेळ लिहिणारेही याच जागी येऊन पोहोचलेत. मायकेल शे यांनी तर 'लेझी डंजन मास्टर' याच नावाने पुस्तक लिहिलं, आणि कमी पण नेमकी तयारी करा हा त्याचा गाभा आहे. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या 2010 च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये गेम मास्टरने कथानक आधी रचूच नये, पुढे काय होतं ते खेळूनच शोधावं, असा नियम आहे.

आणि दोन पानी वर्णनं लिहून परक्या राक्षसांची ओळख करून देण्याची सक्तीही नाही. 'वेशीबाहेरच्या पिंपळावर मुंजा आहे' एवढं म्हणा. टेबलावरचा प्रत्येक मराठी माणूस उरलेलं चित्र स्वतःच काढतो.

खुर्ची बदलता येते

'आर्स मॅजिका' हा 1987 चा खेळ. त्यात गोष्ट सांगण्याचं काम गटात आळीपाळीने फिरावं अशी मूळ रचनाच आहे. जेसन मॉर्निंगस्टारच्या 'फियास्को'मध्ये (2009) तर गेम मास्टर नसतोच, तयारीही नसते, आणि एका बैठकीत गोष्ट संपते. बेन रॉबिन्सने 'वेस्ट मार्चेस' नावाच्या आपल्या कॅम्पेनमध्ये तारीख आणि मोहीम ठरवायचं काम खेळाडूंवर सोपवलं होतं. कुणी ठरवलं नाही तर खेळ नाही. मला यातलं हे शेवटचं सगळ्यात औषधी वाटतं, कारण त्यात न्यायाचा सांधा बसतो. नियम न बदलताही ते करता येतं : तारखा एकाने बघायच्या, मागच्या वेळी काय झालं ते दुसऱ्याने लिहायचं, नियमांचे वाद तिसऱ्याने सोडवायचे.

'क्रिटिकल रोल' हा या खेळाचा सर्वांत गाजलेला कार्यक्रम. 2015 पासून त्याच्या तिन्ही मुख्य कॅम्पेनमध्ये गेम मास्टर होता मॅथ्यू मर्सर. 2025 मध्ये चौथं सुरू झालं तेव्हा त्या खुर्चीत ब्रेनन ली मुलिगन बसला आणि मर्सर खेळाडू म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेला.

घरच्या टेबलावर हे घडवायचं तर आधी बोलावं लागतं, आणि अवघड तेच असतं. 'मी खूप बिझी आहे' असं सांगू नका. मग मित्र तुम्ही मोकळे व्हायची वाट बघत बसतात. खरं तेच लिहा : मला तुम्हाला भेटायचंय, पण गोष्ट चालवायची ताकद सध्या नाही. दिवाळीपर्यंत कॅम्पेन थांबवतोय. रविवारी भेटूच, पत्ते खेळू, किंवा कुणाला एखादी छोटी गोष्ट चालवून बघायची असेल तर मी पहिल्यांदाच पात्र घेऊन बसेन.

दिवाळीनंतर परतताना जुनी गोष्ट जिथे सोडली तिथूनच उचलायला हवी असं नाही. आधी एका बैठकीत संपणारी एखादी गोष्ट खेळा, अनोळखी पात्रं घेऊन. तेव्हाही शनिवारी रात्री पोटात गोळा आला, तर ते कॅम्पेन तिथेच संपलं असं जाहीर करा, आणि एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून आपापल्या पात्राचं पुढे काय झालं ते सांगा. त्यासाठी फासाही लागत नाही.