मोबाइल घ्यावा संगणक पाहून

आपल्याकडे सोयरीक जुळवताना नुसते रूप पाहत नाहीत. घर पाहतात, माणसे पाहतात, मग सुपारी फोडतात. मोबाइल घेताना मात्र आपण उलटे करतो. रंग पाहतो, कॅमेरा पाहतो, किंमत पाहतो. आणि घरातल्या ज्या संगणकाशी त्याची गाठ पडायची, त्याची आठवणच राहत नाही.

ही गाठ पडते कशाला, असे कोणी विचारील. तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे. तिथल्याच एखाद्या घराचे उदाहरण घेऊ. राज्यात २०२१ साली ई-पीक पाहणी सुरू झाली आणि बांधावर उभे राहून मोबाइलवरून पिकाचा फोटो नोंदवणे शेतकऱ्याच्या कामात आले. पुराच्या नुकसानीचे फोटोही त्याच मोबाइलमध्ये. गुरुजींच्या मोबाइलमध्ये शाळेचे कार्यक्रम, मुलांची कागदपत्रे. मोबाइल पाण्यात पडला की सारे गेले! संगणकात दुसरी प्रत असेल, तर मात्र राहते. तेव्हा या दोघांचे जुळणे ही चैन नव्हे. ते घरचे दप्तर सांभाळणे आहे.

मग निवड कशी करावी? प्रथम आपला संगणक कोणत्या प्रणालीवर चालतो ते पाहा. विंडोज असेल, तर अँड्रॉइड मोबाइल सोयीचा. केबलने जोडला की त्यातले फोटो आणि कागद संगणकावर उघडतात. लिनक्सवरही बहुधा तसेच होते. घरी अॅपलचा मॅक असेल, तर त्याच घराण्यातला आयफोन बरा. अँड्रॉइडसाठी मॅकवर वेगळा प्रोग्रॅम घालावा लागतो. आयफोन विंडोजला जोडला तर फोटो उतरतात, पण ते नव्या पद्धतीचे असल्याने जुन्या संगणकावर कधी उघडत नाहीत. त्यासाठी आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन साधे जेपीजी फोटो काढण्याची सोय निवडावी.

विंडोज १० ची नेहमीची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. इंटरनेटवरच्या व्यवहारासाठी तेवढी काळजी घ्यावी. पण केबलने फोटो उतरवण्याचे काम तो संगणक अजूनही करतो. नुसत्या मोबाइलपायी नवा संगणक घेण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट केबलची. नव्या मोबाइलला टाइप-सी नावाचे बारीक तोंड असते. पुष्कळ जुन्या संगणकांना मात्र रुंद तोंडच असते. डब्यातल्या केबलची दोन्ही टोके बारीक निघाली, तर ती घरी लागायची कुठे? शिवाय काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांतून वीज जाते, फोटो जात नाहीत. म्हणून विकत घेताना ‘डेटा केबल’ आहे का, हे विचारून घ्यावे.

केबल बरोबर असूनही, “मास्तर, मोबाइल त लावला, पन काहीच दिसून नाही राह्यलं!” अशी तक्रार येते. दोष बहुधा कोणाचाच नसतो. जोडल्यावर मोबाइल आधी फक्त चार्जिंगच करतो. त्याचे कुलूप उघडावे, वरून सूचना खाली ओढावी आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे. आयफोन असेल तर तो ‘या संगणकावर विश्वास ठेवू का?’ असे विचारतो. घरच्या संगणकाला होकार द्यावा, परक्या दुकानातल्या संगणकाला देऊ नये.

तिसरी गोष्ट अक्षरांची. रुक्मिणीने द्वारकेला श्रीकृष्णाकडे निरोप धाडला, ती कथा कौंडण्यपूरचीच मानतात. निरोप पोचला, पण वाचताच आला नसता, तर? शाळेत कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या टंकात टाइप केलेले पत्र मोबाइलवर उघडले की असेच होते. मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. मोबाइल कितीही भारी घ्या, हे दुखणे जात नाही. पत्र युनिकोड मराठीत टाइप करावे, म्हणजे ते दोन्हीकडे सारखेच वाचता येते.

कोणी म्हणेल, एवढी खटपट कशाला? इंटरनेटवर ठेवू, नाहीतर व्हॉट्सअॅपने पाठवू. पण गूगलची मोफत जागा १५ जीबी, आणि २०२१ च्या जूनपासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आक्रसतो. कागदावरची बारीक अक्षरे पुसट होतात. तिथे तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. केबलला तर इंटरनेटही लागत नाही, पैसाही लागत नाही.

म्हणून तिवशाला जा की आर्वीला, खरेदीआधी परीक्षा घ्या. घरी लॅपटॉप असेल तर तो दुकानात न्या आणि चार फोटो उतरवून पाहा. टेबलावरचा संगणक असेल, तर ओळखीत कोणाकडे तसाच मोबाइल आहे का ते पाहा आणि घरी आणून जोडा. फोटो उतरले आणि उघडले, तर सोयरीक जमली म्हणावे. मग रंग खुशाल आवडीचा घ्या. आणि महिन्यातून एक दिवस ठरवून सारे फोटो संगणकात उतरवून ठेवा.